दोनशे म्हणजे पोचलं

श्रीपाददादाला तुम्ही काहीही सांगा, तो एकच शब्द म्हणायचा. "पोचलं." कुणी लग्नाची पत्रिका दिली, पोचलं. कुणाचे वडील गेल्याचं कळवलं, पोचलं. उद्या नळाला पाणी नाही, पोचलं. हो नाही, बरं नाही, अरेरे नाही. मान किंचित उजवीकडे, नजर चष्म्याच्या वरून, आणि पोचलं. वहिनी म्हणायच्या, "मी विचारते, आमटीत मीठ जास्त झालंय का, तरी पोचलं. आता आमटी पोचली की मीठ पोचलं, ते माझं मी समजून घ्यायचं."

मला या शब्दाचा भयंकर राग होता. मी ब्रह्माघाटावर वाढलेली, कॉलेजात असल्यापासून पत्रकं काढणारी मुलगी. आमच्या बनारसमध्ये पत्रकाला पर्चा म्हणतात आणि पर्चा काढणाऱ्याला रिकामटेकडा. तर पर्चा काढण्याची पहिली शिकवण अशी की समोरच्याला हो तरी म्हणायला लावायचं नाही तर नाही तरी. मध्ये जागा सोडायची नाही. मधल्या जागेत बसलेला माणूस म्हणजे मालकाचा माणूस. आणि श्रीपाददादा मला कायम मधल्या जागेत मांडी घालून बसलेला दिसायचा. त्याच्याविषयी मी एक वाक्य यापूर्वी छापलेलं आहे. ते खोटं होतं. म्हणून हे दुसऱ्यांदा लिहिते आहे.

तो दूधविनायकाच्या गल्लीत राहायचा. चाळिशी ओलांडलेली, चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन. ते पेन मी कधी उघडलेलं पाहिलं नाही. घर तीर्थपुरोहितांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि संतापला की दोन्हीची खिचडी, जशी आमच्या सगळ्यांचीच होते. फरक इतकाच की तो संतापायचा नाही. मी आले की म्हणायचा, "या नेताजी, आज कोण मुर्दाबाद?"

त्याचे काका, भाऊकाका, अजूनही बालाजी घाटावर बसतात. त्यांच्याकडे लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या आहेत. महाराष्ट्रातलं कुठलं घराणं काशीला आलं की काका गाव आणि आडनाव विचारतात, नेमकी वही काढतात, आणि तुमचे पणजोबा इथे कुणाच्या अस्थी घेऊन आले होते ते वाचून दाखवतात. मग पुढची नोंद तुम्ही करायची, तुमच्या हाताने, खाली तुमची सही. काका स्वतः एक अक्षर लिहीत नाहीत. आणि ज्याचं घराणं त्यालाच वाचून दाखवतात. माझ्यासमोर एकदा एक गृहस्थ आले होते, हातात तीन अंगठ्या. त्यांना चुलतभावाच्या शाखेत कोण कोण आहे ते बघायचं होतं, कुठे सोयरीक जमवायची होती म्हणे. काका म्हणाले, "भावाला घेऊन या."

"तो नाही यायचा."

"मग त्याला दाखवायचं नसेल," असं म्हणून काकांनी वही बांधली आणि पानाचा डबा उघडला.

मी काकांनाही सोडलेलं नाही. घाटावरच्या दक्षिणेच्या जबरदस्तीवर मी एक पर्चा काढला होता. काकांनी तो शांतपणे वाचला, म्हणाले, "कागद चांगला आहे," आणि घडी करून वहीत खुणेसाठी घातला. अजून तिथेच आहे.

अशा घरातल्या श्रीपाददादाने नोकरी धरली ती पूजा आणि श्राद्धं मोबाइलवर नोंदवून देणाऱ्या एका कंपनीत. तुम्ही पुण्यात बसा, नागपुरात बसा, बटण दाबा, इकडे ब्राह्मण तुमच्या नावाने संकल्प सोडेल, व्हिडिओ घरपोच. ऑफिसच्या दारात गंगेचा भिंतभर फोटो होता. खरी गंगा तिथून इतकी लांब होती की फोटो लावणं भागच होतं.

"दादा, तू तिथे नेमकं काय करतोस?" मी एकदा विचारलं होतं.

"चिठ्ठ्या टाकतो."

मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. तुम्ही कंपनीच्या साइटवर काहीही केलंत, पान उघडलंत, पूजा निवडलीत, श्राद्ध नोंदवलंत, की कंपनीचा सर्व्हर त्याची एक छोटी चिठ्ठी लिहितो. कोणी, काय केलं, कधी केलं. ती चिठ्ठी एचटीटीपीने, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या टपालाने, एका दूरच्या कंपनीकडे जाते. त्या कंपनीचा धंदाच असा की ग्राहकांच्या अशा चिठ्ठ्या गोळा करायच्या, एकेका माणसाच्या नावाखाली नीट लावायच्या, आणि मग जाहिरातवाल्यांना, मेसेजवाल्यांना पुढे वाटायच्या. त्याला कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म असं भारदस्त नाव आहे. दादा गोदाम म्हणायचा. चिठ्ठ्या लिहिणारा आणि पाठवणारा प्रोग्रॅम त्याच्या हातचा.

"आणि चिठ्ठी गेली की नाही, कसं कळतं?"

"गोदाम एक आकडा परत पाठवतं. दोनशे. दोनशे म्हणजे पोचलं."

"म्हणजे मिळाली, वाचली, बरोबर आहे."

"म्हणजे पोचली. गोदामाने अजून पाकीट फोडलेलंही नसतं. आत अर्धवट मजकूर घाल, नाव गाळ, तरी दोनशे. नवीन पोरं दोनशे बघतात आणि खूश होऊन घरी जातात."

"आणि तू?"

"मी दुसऱ्या दिवशी गोदामात जाऊन बघतो."

हे वाक्य त्याने मला स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि विसरले, कारण त्यात घोषणा होण्यासारखं काही नव्हतं.

त्याचं काम किती बारीक होतं याचा एक किस्सा वहिनींनी सांगितला. कंपनीने वर्षश्राद्धाच्या आठवणीचे मेसेज सुरू केले. चिठ्ठीवर वेळ पडायची ती विलायतेच्या घड्याळाची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे पहाटे झालेलं श्राद्ध गोदामात आदल्या दिवशीचं दिसायचं. वर मेसेज इंग्रजी तारखेने. लोकांना आठवण जायची ती भलत्याच दिवशी. ऑफिसात सगळे म्हणाले, एक दिवस इकडे तिकडे, काय बिघडतं. दादा आठवडाभर घरी पंचांग घेऊन बसला, भाऊकाकांना तिथी विचारून विचारून ते शेवटी ओरडेपर्यंत, आणि प्रत्येक चिठ्ठीत तिथीचं एक घर वाढवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कौतुकही केलं नाही. विचारल्यावर म्हणाला, "मेलेला माणूस तक्रार करत नाही. म्हणून जास्त बघावं लागतं."

मी म्हटलं, वा. मालकाची भट्टी पेटवतोस आणि लाकडं मात्र धुऊन घालतोस.

"पोचलं," दादा म्हणाला.

मग सिंधूमावशीचं झालं. माझी सख्खी मावशी, नागपूरची. तिचे यजमान गेले. तिचे गुडघे असे की काशीला येणं शक्य नव्हतं, म्हणून तिने याच कंपनीकडून इथे श्राद्ध करवलं. तिचा फोन मी स्वतः तयार करून दिलेला होता. जाहिराती अडवणारं, माग काढणाऱ्यांना अडवणारं, जे जे मिळतं ते सगळं घातलेलं. माहितीच्या चोरीवर आमच्या समितीने काढलेल्या पहिल्या पर्च्याची लेखिका मी, माझ्या मावशीचा फोन म्हणजे किल्लाच असणार. आठवडा झाला नाही तर मावशीचा फोन.

"रेवा, मला कसले कसले मेसेज यायला लागलेत गं. एकट्या ज्येष्ठांसाठी घरं म्हणे. एक तर लग्न जुळवणारं आहे, म्हाताऱ्यांचं." मग म्हणाली, "मी विधवा झाल्याचं यांना कोणी कळवलं? मी तर अजून बँकेतही सांगितलेलं नाही."

मी तशीच उठले आणि दूधविनायकाला गेले. रविवार होता. दादा दारातल्या पायरीवर पेपर वाचत होता. मी त्याला सगळं सांगितलं, आवाज चढवून, म्हणजे गल्लीलाही सांगितलं.

"तू मावशींच्या फोनचे दरवाजे लावलेस," दादा म्हणाला. "चिठ्ठी फोनमधून निघतच नाही. आमच्या सर्व्हरवरून निघते. ते मागचं दार. तिथे मावशींचा हात पोचत नाही, तुझाही नाही."

"कोणाचा पोचतो?"

"माझा."

"मग थांबव."

त्याने पेपरची घडी केली. पुन्हा उघडली, पुन्हा केली. "पोचलं," म्हणाला.

"तुझं पोचलं तुझ्याजवळ ठेव," मी म्हटलं आणि निघाले. मागून वहिनी "चहा तरी घे गं" म्हणत होत्या. मी मालकाच्या माणसाकडचा चहा घेतला नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

काही महिने गेले. कंपनी तशीच, फोटोतली गंगा तशीच. मावशीने मध्ये एकदा सांगितलं की तिच्या शेजारच्या बाईंनीही यजमान गेल्यावर त्याच कंपनीकडून श्राद्ध करवलं. "पण त्यांना काही आलं नाही हं जाहिरातीचं," ती म्हणाली. मी म्हटलं, येईल. ती परत म्हणाली, "दोन महिने झाले की." मी म्हटलं, मावशी, तू त्यांच्या बाजूने कशाला बोलतेस. पर्च्याला आलेल्या जाहिराती लागतात. न आलेल्या जाहिरातींचं काय करणार?

आता मोठा पर्चा काढायचा होता आणि त्याला पुरावा हवा होता. मी पुन्हा दादाकडे गेले. माफी मागायला नाही, हे आधीच सांगून टाकलं.

"पोचलं. बस."

त्याने लॅपटॉप उघडला आणि मला एक चिठ्ठी दाखवली, सर्व्हरच्या नोंदवहीत उमटते तशी. नाव, फोन, गाव. 'श्राद्ध नोंदवले.' वेळ. तिथी, त्याच्या हातची. आणि शेवटी एक लांबलचक क्रमांक, आकडे आणि अक्षरं मिसळलेला.

"हे काय?"

"प्रत्येक चिठ्ठीचा वेगळा नंबर. कधी गोदामाचं उत्तर येत नाही, नेट अडकतं. मग तीच चिठ्ठी पुन्हा पाठवतो. नंबर नसला तर तिकडे वाटतं की दोन श्राद्धं झाली. एक माणूस दोनदा मेला असं व्हायला नको."

"मी हे लिहून घेऊ?"

दादाने पडद्यावरची चिठ्ठी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. मला वाटलं नाही म्हणेल, आणि मी भांडणाची तयारीही केली. तो म्हणाला, "घे. लोकांना कळलं पाहिजे हे कसं चालतं. फक्त माणसाची ओळख पटेल असं काही छापू नकोस."

मी कसोशीने पाळलं. नाव काढलं. फोन काढला. गाव काढलं. उरलं 'श्राद्ध नोंदवले', वेळ आणि तो लांबलचक क्रमांक. क्रमांकाने कुणाची ओळख पटते? पुरावा म्हणजे असा हवा, कोरडा आणि नेमका. मी तो चौकटीत ठळक छापला. पर्च्याचं नाव होतं 'मृत्यूची चुगली'. शेवटी एक वाक्य होतं, जे मी तीनदा लिहून तीनदा खोडून चौथ्यांदा जमवलं होतं: 'त्या कंपनीत या चिठ्ठ्या टाकताना एकाही माणसाचा हात थरथरला नाही.' मला ते फार आवडलं होतं. हेच ते खोटं वाक्य.

पहिली प्रत मी दादालाच नेऊन दिली. त्याने उभ्या उभ्या वाचली. चौकटीपाशी त्याचं बोट थांबलं.

"नाव काढलंस. चांगलं केलंस," तो म्हणाला. मग, "नंबर छापलास."

"हो. पुरावा."

"पोचलं." आणि पर्चा घडी करून, जसा भाऊकाकांनी केला होता तसाच, खिशात ठेवून आत गेला. पेनाच्या शेजारी.

आम्ही कंपनीच्या फाटकावर दिवसभर पर्चे वाटले. तिसऱ्या दिवशी मला मॅनेजरांचं बोलावणं आलं. मी खुशीत गेले. वाटलं, घाबरले.

मॅनेजर अजिबात घाबरलेले नव्हते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला. गोदामाचं पान उघडलेलं होतं. त्यांनी माझ्या पर्च्यातला क्रमांक एकेक अक्षर वाचत त्यात घातला. गोदामाने उत्तर दिलं: सापडत नाही.

"मॅडम, यह नंबर फर्जी है," ते हसत म्हणाले. "आपने घर में बैठकर बना लिया."

टेबलावर वकिलाची नोटीस होती. त्यात लिहिलं होतं की मी बनावट पुरावा छापला, तसं कबूल करून जाहीर माफी मागावी, नाही तर खटला. ती माफी शहराच्या वर्तमानपत्रात छापायची. मी वाचत होते आणि माझ्या डोळ्यांसमोरून माझे सगळे जुने पर्चे जात होते. विणकरांच्या वीजमीटरचा, घाटावरच्या नावाड्यांचा, दक्षिणेचा. एक पुरावा बनावट ठरला की बाकीचे सगळे त्याच रांगेत उभे राहतात. क्रमांक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण कुठे पाहिला ते सांगितलं तर दादा जातो, आणि नाही सांगितलं तर मी. मी आयुष्यात पहिल्यांदा मधल्या जागेत बसले होते.

"बुलाइए श्रीपादजी को," मॅनेजर म्हणाले. "वही बताएँगे. सिस्टम उन्हीं का है."

दादा आला. चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मॅनेजरांनी विचारलं, "बताइए इनको, यह नंबर गोदाम में है कि नहीं?"

"नहीं है."

मॅनेजरांनी माझ्याकडे नोटीस सरकवली. दादाला तिथेच थांबता आलं असतं. त्याने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. दार उघडंच होतं, वळायचं आणि जायचं.

"नंबर सही है, सर," तो म्हणाला. "गोदाम में इसलिए नहीं है कि मैंने भेजा नहीं."

"मतलब?"

"श्राद्ध, तर्पण, अस्थि. ये मैं आगे नहीं जाने देता. बाकी सब जाता है."

"कब से?"

"इनकी मौसी का हुआ, तब से."

मॅनेजरांनी फार हळू विचारलं, "किसके कहने पर?"

दादाने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "इनके. इन्होंने कहा था, रोक दो."

"और आपको रोकने का अधिकार किसने दिया?"

"किसी ने नहीं, सर. भेजने का भी किसी ने नहीं दिया था."

हे सगळं त्याने आमटीतल्या मिठाच्या आवाजात सांगितलं. मग म्हणाला, "मैं टेबल खाली कर देता हूँ," आणि गेला.

नोटीस रद्द झाली, कारण पुरावा खरा ठरला. दादाची नोकरी त्याच दिवशी गेली, कारण पुरावा खरा ठरला. ज्या ओळीने त्याने चिठ्ठ्या अडवल्या होत्या ती ओळ त्याच्या जागी बसलेल्या माणसाने दुपारच्या जेवणाआधी पुसली; अडलेल्या चिठ्ठ्याही निघाल्या. म्हणजे शोकाची चुगली थांबवा असा पर्चा काढून मी ती पुन्हा सुरू करून दाखवली. कंपनीने साइटवर एक चौकट टाकली, 'माझी माहिती वापरण्यास माझी संमती आहे', आणि तिच्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवली, तुम्हाला तसदी नको म्हणून. आमच्या समितीने त्याला विजय म्हटलं. लवंगलता वाटली. मीही एक खाल्ली.

मी श्राद्ध करवणाऱ्या माणसाचं नाव, फोन, गाव सगळं सांभाळून काढलं होतं. चिठ्ठी अडवणाऱ्या माणसाचं तेवढं राहून गेलं.

दादाला भेटायला जायला मला बरेच दिवस लागले. तोपर्यंत त्याच्या घरी दुसरेच लोक येऊन गेले होते. भाऊकाकांच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, त्यांचं एक ॲप काढायचं, असा बेत घेऊन दोन तरुण आले होते. वह्यांच्या घरातला आणि चिठ्ठ्यांच्या कामातला माणूस, त्यांना दादाहून चांगला कोण मिळणार? दादा त्यांना निमूट काकांकडे घेऊन गेला. काका म्हणाले, "हरकत नाही. ज्यांच्या ज्यांच्या नोंदी आहेत त्यांना घेऊन या. एकेकाला विचारतो." तरुणांनी वह्यांच्या चळतीकडे बघितलं, नमस्कार केला आणि निघाले. वहिनींनी हे सांगितलं तेव्हा हसत होत्या, पण पदराने डोळेही पुसत होत्या. दादाला हैदराबादला एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात काम मिळालं होतं. सामान बांधणं चाललं होतं.

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. मला माफी मागायची होती, पण सवयीने जाबच विचारला.

"सांगितलं होतं."

"काय सांगितलंस? पोचलं म्हणालास."

"मग? पोचलं होतं." पुस्तकांच्या खोक्याला तो सुतळी बांधत होता. "आणखी सांगितलं असतं तर तू छापलं असतंस."

हे खरं होतं. मी छापलंच असतं, चौकटीत.

"मग ऑफिसात कशाला बोललास? गप्प राहिला असतास तर त्या चिठ्ठ्या अजून थांबल्या असत्या."

"आणि तू खोटी ठरली असतीस."

"ठरले असते."

"मग पुढच्या मावशीने कोणाला फोन केला असता?" त्याने गाठ मारली, ओढून बघितली. "माझी काय, एक ओळ होती. आज नाही तर उद्या कोणीतरी पुसलीच असती. इथे बोट ठेव, दुसरी गाठ मारायची आहे."

मी बोट ठेवलं. त्याने गाठ मारली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी नंबर छापू नकोस, नेताजी."

"पोचलं," मी म्हटलं. तो हसला. त्याला हसताना मी फारसं बघितलेलं नव्हतं. मग गल्लीच्या तोंडाशी ई-रिक्षा आली, खोकी तिथपर्यंत हातोहात न्यावी लागली, आणि त्या गडबडीत माफी राहूनच गेली.

ती मी नंतर लिहिली. इतकं लांब मी कधी पर्च्यातही लिहिलेलं नाही, आणि त्यात एकही घोषणा नव्हती. कागदावर लिहून, त्याचे फोटो काढून त्याच्या फोनवर पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एक शब्द. कुठला ते सांगायला नकोच.

मी तो शब्द दिवसभर उघडून उघडून बघितला. गोदामाने पाकीट फोडलं की नाही हे दोनशेवरून कळत नाही. रागावला आहे का? वाचलं तरी का? वहिनी आमटीचं कसं समजून घेत असतील ते मला आता कळत होतं.

मग दहाएक दिवसांनी सिंधूमावशीचा फोन आला.

"अगं, तुझ्या त्या दादांचा फोन आला होता, हैदराबादहून. भला माणूस. मेसेज अजून येतात का विचारलं. मी म्हटलं, येतात. तर म्हणाले, कागद घ्या आणि मी सांगतो तसं लिहा. माझी आणि माझ्या यजमानांविषयीची जी काही माहिती तुम्ही पुढे पाठवली ती तिथून पुसून टाका आणि पुसल्याचं मला कळवा. चारच ओळी. मी म्हटलं, रेवाला सांगते, ती टाईप करून देईल. तर म्हणाले, नको, तुमच्याच अक्षरात, खाली तुमची सही. मग त्याचा फोटो काढून कंपनीला पाठवायला लावला. शेजारच्या बाईंकडूनही लिहवून घेतलं. बाई म्हणाल्या, मला तर काही येत नाही. तर म्हणाले, आता येईल."



"उत्तर आलं का?" मी विचारलं.

"आलं ना, लगेच. 'आपला अर्ज मिळाला, धन्यवाद.' खाली दोन्ही हात जोडल्याचं चित्र." मावशीच्या आवाजात समाधान होतं. "झालं म्हणजे आता. हो ना गं?"

"नाही, मावशी," मी म्हटलं आणि चपला शोधायला लागले. "पोचलं फक्त. मी जाऊन बघते."